कॉकटील आणि बजी घरात असताना दिवाळीची साफसफाई कशी करावी?

प्रश्न कल्याणहून आलाय. टू-बीएचके फ्लॅट, हॉलच्या खिडकीशी दोन कॉकटील (डोक्यावर तुरा असलेले छोटे पोपट) आणि शेजारी चार बजींचा, म्हणजे बजरीगर या चिमुकल्या पोपटांचा, पिंजरा. दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय. फिनाइलनं फरशी पुसल्याशिवाय सासूबाईंना घर स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला वेळ दिलेली आहे आणि एका खोलीला रंगही द्यायचाय. मागच्या वर्षी साफसफाईच्या दुसऱ्या दिवशी एक बजी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला सापडला. "तेव्हा थंडीनं गेला असं म्हटलं, पण आता मनात शंका येते," असं ताईंनी लिहिलंय.

ताई, तुमची शंका रास्त आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात, बंद घरात, थंडीनं बजी दगावत नाही. वीसएक वर्षं मी पक्ष्यांवर उपचार करतोय, आणि दरवर्षी नवरात्र संपलं की माझ्याकडे श्वास लागलेली पाखरं यायला सुरुवात होते. घरोघरी माळे रिकामे व्हायचा आणि फरशा घासायचा मोसम हाच.

पक्ष्याचं फुफ्फुस आपल्यासारखं नसतं, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. आपली फुफ्फुसं फुग्यासारखी भरतात आणि रिकामी होतात. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, बहुतेक जातींत नऊ, आणि त्यातल्या काही थेट हाडांच्या पोकळीपर्यंत जातात. आत घेतलेली हवा या पिशव्यांतून फिरून बाहेर पडायला दोन श्वास लागतात, आणि फुफ्फुसातून ती एकाच दिशेनं वाहत राहते. म्हणजे पक्षी श्वास घेतानाही प्राणवायू शोषतो आणि सोडतानाही. उडण्यासाठी त्याला हे वरदान मिळालंय, पण हवेत विष असेल तर तेही तो तितक्याच तत्परतेनं शोषतो. त्यात बजीचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे साखरेएवढं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी सोबत नेत, ते याच कारणानं. माणसाला काही जाणवायच्या आत कॅनरी कोसळायचा.

म्हणून "कोणतं क्लीनर चालेल?" हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पक्षी कोणत्या खोलीत आहे आणि घरातला वारा कुठून कुठे वाहतोय, हे मी आधी विचारतो. एका धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एक कुटुंब चपलांच्या खोक्यात कॉकटील घेऊन आलं होतं. बाथरूमच्या फरशीवर आधी ऍसिडवालं टॉयलेट क्लीनर ओतलं होतं. डाग निघेनात म्हणून त्यावरच ब्लीच टाकलं. ऍसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. घासणाऱ्या बाईंना ठसका लागला, त्या बाहेर आल्या, तोंड धुतल्यावर त्यांना बरं वाटलं. पिंजरा त्याच पॅसेजमध्ये टांगलेला होता. माझ्या टेबलावर आला तेव्हा तो मान ताणून, चोच उघडी ठेवून बसला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी पंपाच्या दांड्यासारखी खालीवर होत होती. ऑक्सिजन दिला, औषधं दिली, पण रात्री तो गेला. त्याच घरातला दुसरा कॉकटील दार लावलेल्या बेडरूममध्ये होता. त्याला काहीही झालं नाही. घर एकच होतं, बाटल्याही त्याच होत्या, मध्ये फक्त एक बंद दार होतं.

तेव्हा साफसफाईच्या पहिल्या दिवशी पाण्याच्या बादलीच्याही आधी पाखरं हलवा. घरातली अशी एक खोली निवडा जिची खिडकी बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडते. इमारतीच्या डक्टकडे उघडणारी खिडकी नको, कारण खालच्या मजल्यावर कुणी नाल्यात काही ओतलं तर ते डक्टमधून वर येतं. पिंजरे त्या खोलीत ठेवून दार लावा आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबून बसवा. त्या खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि बाथरूम किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करा. आता शिवणाचा एक दोरा घेऊन दाराच्या बाजूच्या फटीशी बाहेरून धरा. दोऱ्याचं टोक खोलीपासून दूर, तुमच्याकडे हललं तर हवा पाखरांकडून बाहेर येतेय, म्हणजे काम सुरू करायला हरकत नाही. टोक आत खेचलं गेलं तर वारा उलटा आहे, आणि तुम्ही जे काही वापराल ते त्यांच्याच खोलीत जाणार. मग दुसरी खोली निवडायची किंवा पाखरांना दिवसभर शेजारी ठेवायचं. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, पण मी ती प्रत्येकाला करायला लावतो.

आता फिनाइल. सासूबाईंना वाईट वाटू देऊ नका. त्यांच्या पिढीनं घर स्वच्छ ठेवायला जे हाताशी होतं तेच वापरलं, आणि फिनाइलचा वास म्हणजे स्वच्छता हे समीकरण इस्पितळांतूनच घरात आलं. पण काळं फिनाइल म्हणजे डांबरापासून निघणारी फिनॉलसारखी द्रव्यं, आणि ती पक्ष्यांना विषारी आहेत. पांढऱ्या फिनाइलमध्ये सहसा पाइन तेल असतं, त्याची वाफही पाखरांना सोसत नाही. दुसरी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. तुमचे कॉकटील संध्याकाळी बाहेर सोडल्यावर फरशीवर चालत असतील. फरशी वाळली तरी फिनाइलचा थर तिथेच असतो, तो पायांना लागतो. मग पक्षी पाय आणि पिसं चोचीनं साफ करत बसतो आणि तो थर पोटात जातो. म्हणजे वास गेल्यावरही धोका संपत नाही.

फरशीला रोज साधं कोमट पाणी आणि बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरतात. नंतर एकदा साध्या पाण्यानं पुसायचं. स्वयंपाकघरातल्या तेलकट डागांना खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन घासा. नळांवर पांढरे क्षार धरले असतील तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून चोळा, पण कडाप्प्याच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर व्हिनेगर लावू नका. हे चुनखडीचे दगड आहेत, आम्लानं त्यांची झळाळी जाते. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करायची चालही सोडून द्या. फेस भरपूर येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ पाणीच. ब्लीचमध्येही व्हिनेगर कधी मिसळू नका, त्यातूनही क्लोरीनच सुटतो. तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच आणि मीठ, आपल्या आज्या करायच्या तसंच. त्याला वाफ नाही, भुकटी उडत नाही.

"मग नैसर्गिक काहीतरी वापरू का?" हा पुढचा प्रश्न मला हमखास येतो. निलगिरी तेल, गवती चहाचं तेल, कापूर, धूप, लोबान ही सगळी नैसर्गिक आहेत, आणि पाखरांच्या श्वासाला सगळीच त्रासदायक. नैसर्गिक धूर हाही धूरच असतो. देवापुढे एक उदबत्ती लावली म्हणून आकाश कोसळत नाही, पण देव्हारा आणि पिंजरा एकाच हॉलमध्ये असेल तर दोन्हींत एक दार हवं. आरतीच्या वेळी पिंजरा आत न्यावा आणि धूर निवल्यावर परत आणावा. सासूबाईंना हे पटेल, कारण पाखरांना त्याही दाणे घालत असतील. एअर फ्रेशनर आणि सुगंधी मेणबत्त्यांनाही हाच नियम.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या माळ्यावरचे कपडे काढताना एकदम बाहेर येतात. वर्षभर बंद पेटीत साचलेली त्यांची वाफ हॉलभर पसरते. पेट्या गच्चीवर किंवा बाल्कनीत उघडा, कपड्यांना दोन दिवस कडक ऊन द्या आणि गोळ्यांच्या जागी कडुलिंबाची वाळलेली पानं ठेवा. ही गोळी फरशीवर घरंगळली तर कॉकटील चोच मारून बघतो, म्हणून मोजून उचला. झुरळांसाठी मिळतो तो खडूही घरात नको. चोच घासायला आपण कॅल्शियमचा जो ठोकळा देतो, तो आणि हा खडू दिसायला सारखेच, पाखराला फरक कळत नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करून फवारणी रद्द करा आणि जेल सांगा. जेलचे ठिपके कपाटांच्या बिजागरीत, सिंकखाली, फ्रिजमागे लागतात. त्याची वाफ होत नाही, आणि झुरळांवर माझ्या अनुभवानं ते फवाऱ्यापेक्षा चांगलं चालतं. पाखरांची चोच तिथवर पोहोचणार नाही एवढं मात्र बघा. वाळवीसारख्या कारणानं फवारणी टाळताच येत नसेल, तर पाखरं त्या दिवशी घरात नकोत. नातेवाइकांकडे किमान दोन रात्री ठेवा. परतल्यावर आधी घरभर खिडक्या उघडा, फरशी आणि ओटे दोनदा पुसा, दाण्याचे डबे बदला, आणि मगच पिंजरे आत आणा. रंगाचंही असंच. घासलेल्या लांबीची (भिंतीच्या पुट्टीची) धूळ आणि ऑइल पेंटचा वास, दोन्ही वाईट. रंग पाण्यात मिसळणारा घ्या, पण कमी वासाचा म्हणून निर्धास्त होऊ नका. खोलीचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे सकाळी बंद खोली उघडल्यावर तुम्हाला काहीही जाणवू नये तोपर्यंत, पाखरं तिथे न्यायची नाहीत.

वास नसला की हवा चांगली असंही नाही. नॉनस्टिक भांड्यांवरचा टेफ्लॉनचा थर २८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की त्यातून निघणारे वायू दिसत नाहीत, त्यांचा वासही फारसा येत नाही, पण पाखराच्या फुफ्फुसात रक्तस्राव होतो. स्वयंपाकघर आवरताना कुणीतरी डोशाचा तवा मोठ्या आचेवर "जरा जाळून घेऊ, चिकटलेलं निघेल" म्हणून ठेवतं, रिकामा तवा काही मिनिटांत या तापमानाला पोहोचतो, आणि हॉलमधली पाखरं एकेक करून पडतात. अशी पाखरं माझ्याकडे बहुधा मेलेलीच येतात, उपचाराला वेळच मिळत नाही. पाखरं असलेल्या घरात नॉनस्टिक नको, हे माझं मत ठाम आहे. लोखंडी तवा, बिडाचा तवा, स्टीलची कढई वापरा. इस्त्रीच्या तळाला आणि काही हीटरच्या आतल्या भागांनाही हाच थर असतो, म्हणून नवं उपकरण पहिल्यांदा तापवताना ते पाखरांपासून दूर, उघड्या खिडकीशी तापवा. एसीची सर्व्हिसिंग करणारे कॉइलवर फेसाचा स्प्रे मारतात, तेव्हाही पाखरं त्या खोलीबाहेर हवीत.

आता पिंजरा, कारण या साफसफाईत माणसाचाही जीव गुंतलेला आहे. वाळलेली विष्ठा खरवडायची नाही आणि कोरड्या झाडूनं झाडायचीही नाही. कॉकटीलच्या अंगावरून पांढरी पावडर सतत गळत असते, तुम्ही ती टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पाहिलीच असेल. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर काही माणसांच्या फुफ्फुसांना तिची ऍलर्जी होते. विष्ठेतून पसरणारा सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजारही असाच धुळीतून माणसाला होतो. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला आठवडाभर हटला नाही तर डॉक्टरांना "घरी पक्षी आहेत" हे वाक्य आवर्जून सांगा, नाहीतर कुणाच्या डोक्यात हे येत नाही. एरवी त्यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं.

म्हणून आधी भिजवायचं. मी असं करतो: पाखरं प्रवासाच्या छोट्या पिंजऱ्यात, दुसऱ्या खोलीत. मास्क आणि हातमोजे घालायचे. स्प्रेच्या बाटलीत कोमट पाणी आणि त्यात चमचाभर खाण्याचा सोडा. तळाचा कागद ओला करून, कडा आत दुमडत गुंडाळून थेट पिशवीत टाकायचा. गजांवर आणि दांड्यांवर जुन्या पंचाचा तुकडा त्याच पाण्यात भिजवून दहा मिनिटं गुंडाळून ठेवायचा. विष्ठेतला पांढरा भाग युरिक ऍसिडचा असतो, तो सोड्याच्या पाण्यात मऊ होतो. दहा मिनिटांनी पंचा पिळत ओढला की जी पापुद्र्यासारखी थर धरलेली घाण नखानं निघत नव्हती, ती सुटी होऊन कपड्याबरोबर येते. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. मग साबणाचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, मग ऊन. आपल्याकडचं दुपारचं ऊन म्हणजे फुकटातलं जंतुनाशक आहे.

पाखरं निरोगी असतील तर यापलीकडे काही लागत नाही. एखादा आजारी पडला असेल किंवा नवा पक्षी आणला असेल तरच ब्लीच काढा. दुकानातलं साधं ब्लीच, एक लिटर पाण्यात ३० मिली, दहा मिनिटं, आणि तेही घाण पूर्ण धुऊन झाल्यावर. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोहोचत नाही. हे काम बाल्कनीत करायचं. नंतर वास जाईपर्यंत धुवायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचं. लाकडी दांडे ब्लीच पितात, ते निर्जंतुक करत बसू नका. पेरूच्या ताज्या फांद्या, ज्यांवर औषध मारलेलं नाही अशा, धुऊन लावा. पाखरांना साल सोलायला मिळते आणि खर्च शून्य.

पिंजरा नवा घेणार असाल तर एक सांगून ठेवतो. बाजारातले स्वस्त जाळीचे पिंजरे जस्ताचा मुलामा दिलेले असतात, आणि जाळीच्या जोडांवर जस्ताचे सुटे कण आणि गुठळ्या राहतात. कॉकटील दिवसभर गज चावतो, जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. असा पिंजरा वापरण्याआधी व्हिनेगर आणि ताठ ब्रशनं घासून, दोनदा धुऊन उन्हात ठेवा. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचाच घ्या.

पंख्याची पाती पुसताना जुना उशीचा अभ्रा ओला करून पात्यावर चढवा आणि दाबत ओढा, धूळ अभ्र्यातच राहते. जळमटंही कोरड्या झाडूनं न काढता झाडूला ओलं फडकं बांधून काढा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरची काळी बुरशी मात्र गंभीर आहे. तिच्यातली ऍस्परजिलस नावाची बुरशी पक्ष्यांच्या हवेच्या पिशव्यांत मूळ धरते, आणि तिथून ती काढणं महिनोन् महिन्यांचं काम असतं, कित्येकदा ते जमतही नाही. अशा भिंतीला पिंजरा लावू नका, आणि ती खरवडायची तर पाखरं घराबाहेर. पिंजऱ्याच्या तळाला भुसा किंवा मक्याच्या कणसाचा चुराही नको, ओल लागली की तोही बुरशी धरतो. वर्तमानपत्राचा कागद सगळ्यात चांगला. रोज बदलला जातो, आणि विष्ठेचा रंग बदलला तर त्याच दिवशी दिसतो.

एवढी काळजी घेऊनही चूक होते. पाखरू चोच उघडी ठेवून श्वास घेतंय, शेपटी खालीवर हलतेय, आवाज बसलाय, पिसं फुलवून तळाशी बसलंय, यातलं काहीही दिसलं तर पिंजरा लगेच दुसऱ्या, स्वच्छ हवेच्या खोलीत न्या. "थोडं थांबून बघू" असं म्हणू नका. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, तुम्हाला दिसायला लागलं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पिंजऱ्याच्या एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे त्याला हवी तेवढी ऊब घेता येईल. हातात घेऊन कुरवाळू नका. छाती दाबली गेली तर त्याला श्वासच घेता येत नाही, कारण त्याला श्वासपटल नसतं, छाती हलली तरच हवा आत जाते. आणि चोचीत पाणी, मध किंवा ब्रँडीचा थेंब घालू नका. धापा टाकणाऱ्या पाखराच्या तोंडात घातलेला थेंब श्वासनलिकेत जातो. मी अशी पाखरं पाहिली आहेत जी धुरातून वाचली असती, पण पाण्यानं गेली. ऑक्सिजनची सोय असलेल्या पशुवैद्याकडे झाकलेल्या खोक्यातून न्या, आणि घरात काय वापरलं त्या बाटलीचा फोटो काढून आणा. मला त्यावरून उपचार ठरवायला फार मदत होते.

पशुवैद्याचा नंबर या आठवड्यातच शोधून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बरेच दवाखाने बंद असतात आणि सगळेच पशुवैद्य पक्षी बघत नाहीत, म्हणून आधी फोन करून दोन्ही गोष्टी विचारा. त्याच रात्री फटाक्यांचा धूर असतो, तेव्हा आठ वाजल्यापासून खिडक्या लावून पिंजरे आतल्या खोलीत, छोटा दिवा चालू ठेवून. कॉकटील अंधारात आवाजानं बिथरतात आणि पिंजऱ्यात आपटून पंख मोडून घेतात, मंद उजेड असला की सावरतात.